गुरुजींची पदरमोड आणि सरकारचा कर



आपल्या भाषेत 'पदरमोड' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. ज्याचे काम त्याने त्या कामाचा खर्च द्यावा, ही जगाची रीत. पण पुष्कळदा तो पैसा वेळेवर येत नाही, आणि काम तर अडून राहू देता येत नाही. अशा वेळी माणूस आपल्याच पदराला हात घालतो. शाळेत हा प्रसंग रोजचाच. खडू संपले, नकाशा फाटला, एखाद्या पोराजवळ वहीच नाही, प्रयोगाला मेणबत्ती हवी, संमेलनाला रंगीत कागद हवेत. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना हे सांगायला नको. जे नाहीत त्यांनी आपल्या गावच्या गुरुजींना किंवा बाईंना एकदा सहज विचारून पाहावे.

या पदरमोडीविषयी एक साधा प्रश्न निघतो. शिक्षकाच्या पगारावर सरकार कर घेते. त्या पगारातले काही पैसे शाळेच्याच कामी खर्च झाले, तर तेवढ्या पैशांवरही कर घेणे रास्त आहे काय? प्रश्न दिसायला लहान आहे. पण अमेरिकेत त्याचा काथ्याकूट शंभर वर्षांहून अधिक काळ चालला आहे. खाती, कोर्टे आणि कायदेमंडळ या तिन्ही ठिकाणी तो गाजला. ही हकीकत आज आपल्यापुढे ठेवायची आहे, आणि शेवटी आपल्या घरच्या हिशेबाकडेही वळायचे आहे.

आधी कराचे मूळ तत्त्व पाहू. प्राप्तिकर, म्हणजे ज्याला आपण सर्रास इन्कमटॅक्स म्हणतो, तो हाती आलेल्या सगळ्या पैशावर नसतो. खर्च वजा जाऊन जे उरते त्यावर असतो. किराणा दुकानदाराने वर्षात लाखाची विक्री केली म्हणून लाखावर कर बसत नाही. मालाची किंमत, दुकानाचे भाडे, नोकराचा पगार, दिवाबत्ती हे सारे आधी वजा होते. मात्र त्याच दुकानदाराने मुलीच्या लग्नात केलेला खर्च वजा होत नाही, कारण तो घरचा खर्च. धंद्याचे खाते वेगळे, घराचे वेगळे. आता शिक्षकाची अडचण अशी, की त्याला दुकानच नाही. त्याने घेतलेले पुस्तक त्याच्या घरच्याच फळीवर असते. ते कोणत्या खात्यात टाकायचे? सगळा वाद आहे तो या दोन खात्यांमधल्या रेघेचा.

अमेरिकेत १९१३ साली राज्यघटनेला सोळावी दुरुस्ती झाली आणि प्राप्तिकर कायमचा आला. पुढे आठ वर्षांनी, म्हणजे १९२१ साली, तिथल्या महसूल खात्याने शिक्षकांसंबंधी एक निर्णय दिला. त्या देशात उन्हाळ्याची सुटी लांबलचक असते. त्या सुटीत विद्यापीठे खास वर्ग चालवतात, आणि पुष्कळ शिक्षक पदरचे पैसे घालून तेथे शिकायला जातात. खात्याने म्हटले, की हा खर्च शिक्षकाच्या स्वतःच्या शिक्षणाचा, म्हणजे वैयक्तिक आहे. तो उत्पन्नातून वजा होणार नाही. झाले! शिकवण्यासाठी शिकणे हे घरच्या खात्यात गेले.

या निर्णयाचा चटका त्या वेळी थोड्यांनाच बसला असणार. कारण सार्वजनिक शाळांतले शिक्षक हे राज्यांचे किंवा स्थानिक संस्थांचे नोकर. एका सरकारने दुसऱ्या सरकारच्या नोकराच्या पगारावर कर बसवू नये, असा संकेत तिकडे दीर्घकाळ पाळला जात होता. त्यामुळे त्यांच्या पगारावर संघसरकारचा प्राप्तिकर नव्हताच. १९३९ साली कायदा होऊन ही सवलत गेली. पाठोपाठ दुसरे महायुद्ध आले. युद्धासाठी पैसा हवा, म्हणून करमाफीची मर्यादा खाली आणली गेली. १९३९ मध्ये सुमारे ४० लाख माणसे प्राप्तिकर भरत होती. १९४५ पर्यंत हा आकडा ४ कोटींच्या वर गेला. श्रीमंतांचा कर सर्वसामान्यांचा कर झाला. आता मात्र शाळेतल्या बाईंनाही आपला हिशेब मांडणे भाग पडले.

अशाच एका शिक्षिकेचा खटला पुढे प्रसिद्धीस आला. कायद्याच्या पुस्तकांत तो 'हिल खटला' म्हणून ओळखला जातो. या बाई व्हर्जिनिया राज्यात डॅनव्हिल या गावी २७ वर्षे शिकवीत होत्या आणि इंग्रजी विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांच्याजवळचे अध्यापनाचे प्रमाणपत्र त्या राज्यातले सर्वांत वरच्या दर्जाचे. पण त्याची मुदत संपत आली होती. नूतनीकरणाच्या दोन वाटा होत्या. एक तर कॉलेजात नवा अभ्यासक्रम पुरा करायचा, नाही तर नेमलेल्या पाच पुस्तकांवर परीक्षा द्यायची. बाईंनी पहिली वाट धरली. १९४५ च्या उन्हाळ्यात त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या, आणि लघुकथालेखन व मनोविकृतीचे मानसशास्त्र असे दोन विषय शिकल्या. त्यासाठी आलेला २३९ डॉलर ५० सेंट एवढा खर्च त्यांनी उत्पन्नातून वजा दाखवला. खात्याने तो नाकारला.

बाई करविषयक न्यायालयात गेल्या. तेथे १९४९ साली निकाल विरुद्ध गेला. इतर शिक्षक असा खर्च सर्रास करतात असे दिसत नाही, आणि परीक्षेची दुसरी वाट मोकळी होतीच, असा त्या निकालाचा रोख होता. म्हणजे कमी खर्चाची वाट असताना जास्त शिकायला कोणी सांगितले होते, असाच त्याचा अर्थ! बाईंनी हार मानली नाही. त्यांनी वरच्या न्यायालयात अपील केले. १९५० साली अपील न्यायालयाने खालचा निकाल फिरवला. त्या न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: या बाई नवी नोकरी मिळवायला गेल्या नव्हत्या किंवा बढतीसाठी गेल्या नव्हत्या, हाती असलेली नोकरी नीट चालवण्यासाठी गेल्या होत्या. दोन वाटांपैकी अधिक चांगली वाट निवडली म्हणून तो खर्च कामाचा नाही, असे कसे म्हणता येईल? आणि सर्व शिक्षक असा खर्च करीत नाहीत, एवढ्यावरून तो जगावेगळाही ठरत नाही.

खात्याने पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, हे तत्त्व मान्य केले, पण हात आखडून. नोकरी टिकवण्यासाठी केलेले शिक्षण वजा होईल, नोकरी मिळवण्यासाठी किंवा बढतीसाठी केलेले नाही. १९५८ च्या नियमांनी दार आणखी उघडले. चालू कामातले कौशल्य टिकवण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी जे शिकावे लागते, त्याचा खर्च कामाचा खर्च धरावा, असे ठरले. २३९ डॉलरांच्या एका हिशेबामुळे असंख्य शिक्षकांची वाट मोकळी झाली, ती अशी. बाईंनी पै-पैचा हिशेब ठेवला होता, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. हिशेबच नसता, तर खटला कशावर उभा राहणार होता?

इथवरची गोष्ट शिकण्याच्या खर्चाची झाली. आता खडू, वह्या, रंगकागद यांच्या खर्चाकडे वळू. त्यासाठी अमेरिकन कराची एक खुबी समजून घ्यावी लागेल. १९४४ साली तिकडे 'सरसकट वजावट' सुरू झाली. म्हणजे असे, की करदात्याने पावत्या जमवून एकेका खर्चाची यादी द्यावी, नाही तर यादीच्या भानगडीत न पडता एक ठरावीक रक्कम वजा करून घ्यावी. दोन्ही एकदम मिळत नाहीत. साध्या नोकरदाराला सरसकट वजावटच सोयीची पडते. पण ती घेतली, की शाळेसाठी केलेली पदरमोड त्यात बुडून जाते. तिचे वेगळे नाव राहत नाही.

जे यादी देत होते त्यांच्यावरही १९८६ साली नवे बंधन आले. त्या वर्षीच्या मोठ्या करसुधारणेत ठरले, की नोकरीपायी झालेला असा खर्च उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहून जितका जास्त असेल, तितकाच वजा होईल. हिशेब करून पाहा. एखाद्या शिक्षकाचे उत्पन्न ४०,००० डॉलर असेल तर त्याचे दोन टक्के झाले ८०० डॉलर. म्हणजे पहिले ८०० डॉलर त्याने निमूटपणे सोसायचे, आणि त्यापुढचा डॉलर हिशेबात धरायचा. वर्गासाठी एवढा खर्च करणारे किती निघणार? कायद्यात दार होते, पण त्याचा उंबरठाच कमरेएवढा उंच करून ठेवलेला.

मग शिक्षकांसाठी एक स्वतंत्र झरोका उघडावा, असा प्रयत्न सुरू झाला. सिनेटमध्ये मेन राज्याच्या सुसान कॉलिन्स आणि व्हर्जिनियाचे जॉन वॉर्नर यांनी हा विषय लावून धरला. ९ मार्च २००२ रोजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी एका आर्थिक साहाय्याच्या कायद्यावर सही केली, आणि त्यात ही तरतूद आली. बालवर्गापासून बारावीपर्यंत शिकवणारे शिक्षक, समुपदेशक, मुख्याध्यापक आणि वर्गातले मदतनीस, ज्यांनी शाळेच्या वर्षात निदान ९०० तास काम केले असेल, त्यांना पुस्तके, वर्गातले साहित्य, संगणकाची सामग्री यांवरचा २५० डॉलरपर्यंतचा खर्च वजा करता येईल. मुख्य सोय अशी, की सरसकट वजावट घेणाऱ्यालाही ही वजावट वरून मिळणार. इतक्या वर्षांनी खडूच्या पेटीला कायद्यात स्वतःची जागा मिळाली.

पण ही जागा भाडेकराराची होती. तरतूद फक्त २००२ आणि २००३ या दोन वर्षांपुरती. मुदत संपली, की पुन्हा कायदेमंडळाच्या दारात उभे राहायचे. २००४, २००६, २००८, २०१०, २०१३ आणि २०१४ अशी पुन्हा पुन्हा मुदतवाढ झाली. २०१४ सालची मुदतवाढ तर त्या वर्षाच्या डिसेंबरात मिळाली. म्हणजे शिक्षकांनी सारे वर्ष खर्च करायचा, आणि तो धरला जाणार की नाही हे वर्ष सरता सरता कळायचे! अखेर डिसेंबर २०१५ मध्ये ही तरतूद कायम झाली. प्रशिक्षणाचा खर्चही तीत घेतला गेला, आणि महागाईनुसार रक्कम ५० डॉलरच्या टप्प्याने वाढावी असे ठरले.

कायम झाली म्हणून निर्धास्त झाली, असेही नाही. २०१७ साली करकायदा पुन्हा मोठ्या प्रमाणावर बदलला. तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यात ही वजावट साफ काढून टाकलेली होती, तर सिनेटच्या मसुद्यात ती दुप्पट, म्हणजे ५०० डॉलर केलेली होती. दोघांच्या तडजोडीत ती होती तेथेच, २५० वर राहिली. मात्र त्याच कायद्याने दोन टक्क्यांच्या उंबरठ्याचे ते जुने दार २०१८ पासून बंद केले. मग २०२० साली करोनाची साथ आली. त्या वर्षीच्या डिसेंबरातल्या कायद्याने १२ मार्च २०२० नंतर घेतलेले मुखपट्टे, जंतुनाशके आणि साबण यांचा खर्चही या वजावटीत घेतला. मुलांनी अंतर ठेवून उभे राहावे म्हणून जमिनीवर खुणा करायला लागणारा खडूसुद्धा त्या यादीत होता. रक्कम वाढली ती मात्र २०२२ साली, २५० ची ३०० झाली. वीस वर्षांत ही पहिली वाढ. तेवढ्या काळात त्या देशातल्या किमती दीडपटीहून अधिक चढल्या होत्या.

४ जुलै २०२५ रोजी आणखी एक कायदा झाला. इतर नोकरदारांसाठी बंद केलेले जुने दार त्याने कायमचे बंद केले, पण शिक्षकांपुरते २०२६ पासून पुन्हा उघडले. क्रीडाशिक्षकांनाही त्यातून आत घेतले. आता यादी देऊन कर भरणाऱ्या शिक्षकाला ठरावीक रकमेहून जास्त झालेला खर्चही दाखवता येईल. परंतु २०१७ नंतर सरसकट वजावट इतकी मोठी झाली आहे, की दहांतले सुमारे नऊ करदाते यादी देतच नाहीत. तेव्हा हे दार उघडले खरे, पण त्या वाटेने जाणारे थोडेच.

आता आपण सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याशी आलो. वजावट म्हणजे परतफेड नव्हे. पुष्कळ सुशिक्षित माणसेसुद्धा येथे घोटाळा करतात. २५० डॉलरची वजावट मिळाली म्हणजे २५० डॉलर हाती आले, असे त्यांना वाटते. तसे नाही. तेवढ्या रकमेवर जो कर पडला असता, तेवढाच काय तो वाचतो. ज्या शिक्षकाच्या वरच्या उत्पन्नावर १२ टक्के कर आहे, त्याचे ३० डॉलर वाचतात. २२ टक्के असेल तर ५५. बाकीचे दोनशे-सव्वादोनशे डॉलर त्याच्याच पदरचे. अमेरिकेतल्या शिक्षणविषयक सांख्यिकी केंद्राने २०१४-१५ या वर्षाची पाहणी केली. तीत दिसले, की सार्वजनिक शाळांतल्या दर १०० शिक्षकांपैकी ९४ जण पदरमोड करतात, आणि अशा शिक्षकाचा वर्षाचा सरासरी खर्च ४७९ डॉलर आहे. इतक्या श्रीमंत देशात! आपल्याकडे म्हणतात ना, दात कोरून पोट भरत नाही. तशातली ही गत.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे हा प्रश्न कोणी मनातच आणला नाही, असे समजू नका. १९६१ च्या आपल्या प्राप्तिकर कायद्यात पगारदारांसाठी एक कलम होते. कामासाठी आवश्यक अशी पुस्तके व प्रकाशने विकत घेतली, तर प्रत्यक्ष झालेला खर्च ५०० रुपयांपर्यंत वजा करता येई. नोकरीच्या अटीप्रमाणे पगारातूनच जो खर्च करावा लागे, त्यालाही त्या कलमात जागा होती. शिक्षकाच्या दृष्टीने हे मोलाचे होते. पण प्रत्यक्षात कोणाच्या? खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकाचा पगार त्या काळी करमर्यादेच्या पुष्कळ खाली होता. ज्याला करच नाही, त्याला करातली वजावट काय कामाची? आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

पुढे १९७४ च्या वित्त कायद्याने हे सगळे लहान लहान कप्पे मोडले आणि पगारदारांसाठी एकच सरसकट वजावट आणली. पहिल्या १०,००० रुपयांवर २० टक्के, त्यापुढे १० टक्के, आणि एकूण ३,५०० रुपयांपर्यंत. पावती दाखवायची गरज नाही. २००५ च्या अर्थसंकल्पात ही वजावट रद्द झाली. २०१८ च्या अर्थसंकल्पात ४०,००० रुपयांची होऊन ती परत आली, २०१९ मध्ये ५०,००० झाली, आणि २०२४ मध्ये नव्या कररचनेपुरती ७५,००० रुपयांवर गेली.

दोन देशांच्या या दोन तऱ्हा. अमेरिकेने शिक्षकाला म्हटले, पावती दाखव आणि थोडे वजा कर. आपण म्हटले, पावती नको, सर्वांना सारखेच. आपल्या पद्धतीत कटकट कमी, हे तिचे मोठे सुख. पण पदरची एक पैही न खर्चणाऱ्या कचेरीतल्या कारकुनाला जी वजावट, तीच वर्गासाठी तक्ते विकत आणणाऱ्या गुरुजींना. खडूची पेटी कोणाला दिसतच नाही. तिकडच्या पद्धतीत ती दिसते, पण दिसून मिळते ते एवढेसे.

याहून सरळ अशी तिसरी वाटही आहे, आणि ती आपल्याकडे चालवून पाहिलेली आहे. २००१ च्या सुमारास सुरू झालेल्या सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला अध्यापनाच्या साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपयांचे अनुदान मिळत असे. पुढे ते बंद झाले, आणि २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत पटसंख्येप्रमाणे शाळेला एकत्रित अनुदान देण्याची पद्धत आली. गंमत पाहा, १९६१ च्या कलमातही ५०० रुपये आणि या अनुदानातही ५०० रुपये. आकडा तोच, पण मोल निराळे. कलमातल्या ५०० रुपयांवर दहा टक्के कर असता तर ५० रुपये वाचले असते, आणि कर नसता तर शून्य. अनुदानातले ५०० रुपये मात्र पुरे ५०० होते, आणि लहान पगाराच्या शिक्षकालाही तितकेच होते.

म्हणून या सगळ्या इतिहासातून मला जे दिसते ते असे. वजावट ही एक कबुली आहे. शाळा शिक्षकाच्या पदरावर चालते, हे सरकारने तिच्यातून कबूल केले. ही कबुली मिळवायला तिकडे १९२१ पासून २००२ पर्यंत, म्हणजे ८१ वर्षे लागली. तिला हलके लेखू नये. पण कबुली म्हणजे देणे फेडणे नव्हे. शाळेला लागणारा खडू शाळेनेच, आणि वेळेवर, द्यावा हा खरा उपाय. जेथे तो होत नाही तेथे वजावट असो वा नसो, भार शिक्षकावरच पडतो.

शिक्षक वाचकांना एक सुचवावेसे वाटते. आपली पदरमोड एका वहीत लिहून ठेवीत जा. तारीख, वस्तू, रक्कम, एवढे पुरे. ती कोणाकडे मागायची आहे म्हणून नव्हे. पण वर्षअखेरीस शाळा व्यवस्थापन समितीची सभा भरेल, अनुदान कशावर खर्चायचे हे ठरेल, तेव्हा ती वही पुढे ठेवता येईल. जो खर्च लिहिलेला नाही तो झालाच नाही, असेच कचेऱ्या धरून चालतात. आणि आपण जे पालक आहात, त्या आपणांस विनंती एवढीच, की त्या सभेला जा, आणि ती वही वाचून दाखवायला सांगा.